ऑटोमॅटिक गाडीला खरंच ‘पिकअप’ नसतो का? उसाची ट्रॉली आणि तुळजापूरचा घाट काय सांगतात

सोलापूर जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की हे दृश्य हमखास दिसतं. चौपदरी महामार्ग सोडून तुम्ही आतल्या दुपदरी रस्त्याला लागलात. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला ट्रॅक्टर. समोरचा रस्ता मोकळा दिसतो म्हणून तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, आणि गाडी क्षणभर काहीच करत नाही. मग हिसका देऊन पळते. तोवर समोरून एसटी आलेली असते.

ताशी ७२ किलोमीटरने येणारी एसटी सेकंदाला २० मीटर कापते. तुमची गाडी दीड सेकंद विचार करत बसली, तर एसटी ३० मीटर जवळ आली. एवढ्या अंतरात ओव्हरटेक सुटतो किंवा फसतो.

क्लचची गाडी विकून नुकतीच ऑटोमॅटिक घेतलेले अनेक जण म्हणतात, “हिला पिकअपच नाही.” पिकअप असतो, पण तो मागायची रीत वेगळी आहे आणि शोरूममध्ये ती सहसा कुणी सांगत नाही.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची, ते बघा. आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिकची लाट आली ती २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरिओपासून. तिच्यातला एएमटी म्हणजे मुळात साधा गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यामुळे गिअर बदलताना चाकांकडे जाणारी ताकद क्षणभर तुटते, जशी तुमच्या-माझ्या क्लचवरही तुटायची. फरक इतकाच, की तेव्हा ती कधी तुटणार हे आपल्याला ठाऊक असायचं.

उपाय सोपा आहे. ट्रॉलीच्या मागे असतानाच, बाहेर निघण्याआधी लिव्हर ‘एम’वर घ्या आणि एक गिअर खाली आणा. हिसका काय बसायचा तो मागेच बसू द्या. मग समोर बघून निघालात की ताकद लगेच मिळते. घाबरू नका, इंजिनाला झेपणार नाही इतका खालचा गिअर मागितला तर गाडी तो टाकतच नाही. आणि एरवी ‘डी’वर चालवताना गिअर चढतोय असं जाणवलं की पाय किंचित सैल करा. निम्मे हिसके तिथेच जातात.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातून पोचते, म्हणून ती मऊ चालते. तिला पॅडल पूर्ण दाबलं की ती स्वतःच एक-दोन गिअर खाली येते. याला किकडाउन म्हणतात. तेही ऐनवेळी नको, अर्धा सेकंद आधी. सीव्हीटीत गिअरच नाहीत, पट्टा आणि कप्प्या आहेत. तिथे धाडकन दाबलं की आधी आवाज वाढतो, वेग मागाहून येतो; म्हणून पॅडल हळूहळू वाढवत न्यायचं. दोन क्लचचा डीसीटी सगळ्यांत चपळ, पुढचा गिअर आधीच तयार ठेवणारा. ज्यांना ऑटोमॅटिक म्हणजे आळशी लोकांची गाडी वाटते त्यांच्यासाठी: १९८९ मध्ये नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची फॉर्म्युला वन शर्यत जिंकली, ती स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणाऱ्या फेरारीत.

आता घाट. सोलापूरहून तुळजापूरला जाताना बालाघाटचा चढ लागतो. सह्याद्रीसारखा तो अवघड नाही, पण परतीच्या उतारावर ‘डी’ ठेवून सतत ब्रेकवर पाय ठेवणारे पुष्कळ. तापलेले ब्रेक पकड सोडतात. जळका वास ही त्याची पहिली खूण. उतार सुरू होण्याआधीच ‘एल’, ‘२’ किंवा ‘एम’ घ्या, इंजिन गाडीला मागे ओढून धरेल. कोणता गिअर? जुन्या ट्रकचालकांचा हिशोब इथेही चालतो: ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा. वळणावरही तेच. ब्रेक आणि गिअर दोन्ही वळणाआधी, वळणात पाय स्थिर.

आणि न्यूट्रल कधीही नाही. पेट्रोल वाचतं हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. आजच्या गाडीत गिअर असताना पाय काढला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर इंजिनाची पकडही जाते.

चढावर गर्दीत अडकलात तर एएमटी आणि डीसीटीवाल्यांनी जास्त जपायचं. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच घासतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा सहज ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा डीसीटी तापून इशारा देऊ शकतो. त्यापेक्षा ब्रेक दाबून थांबा, पुढे दोन-तीन गाड्यांची जागा झाली की एकदाच निघा.

डावा पाय मात्र कायम बाजूला, विश्रांतीला. वर्षानुवर्षं क्लच जोरात दाबलेला तो पाय सवयीने ब्रेकवर पडला, तर मागच्याची धडक ठरलेली. नवी गाडी असेल तर रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास फक्त ‘एम’वर वर-खाली करून बघा. गिअर खाली आल्यावर किती वेळाने ताकद येते, ते कानाला आणि पाठीला कळू द्या. ट्रॉलीमागे उभं राहून हे शिकायला वेळ मिळत नाही.