जगातल्या संसदा आणि शेजाऱ्यांच्या बैठका

१९९९च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनला भरलेल्या परिषदेत आंतर-संसदीय संघाच्या, म्हणजे आयपीयूच्या अध्यक्षपदी नजमा हेपतुल्ला निवडून आल्या. संघाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष, आणि तेव्हा राज्यसभेत त्या महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या खासदार होत्या. आपल्याकडे हे फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. संयुक्त राष्ट्रसंघात सरकारे बोलतात, हे शाळेपासून ठाऊक असते. संसदांचीही एक जागतिक संघटना आहे आणि ती संयुक्त राष्ट्रसंघापेक्षा छप्पन्न वर्षांनी जुनी आहे, हे मात्र शिकलेल्या माणसांनाही सांगावे लागते.

तिची सुरुवात दोन खासदारांनी केली. इंग्लंडचे विल्यम रँडल क्रेमर हे मूळचे सुतार, कामगार चळवळीतून पार्लमेंटात पोचलेले. फ्रान्सचे फ्रेदरिक पासी अर्थशास्त्रज्ञ. देशादेशांतली भांडणे रणांगणाऐवजी लवादापुढे सुटावीत, हा दोघांचा ध्यास. १८८९मध्ये पॅरिसला त्यांनी नऊ देशांतल्या खासदारांना एकत्र बसवले आणि संघ उभा राहिला. पुढे पासींना १९०१चे आणि क्रेमर यांना १९०३चे शांततेचे नोबेल मिळाले. क्रेमर यांनी बक्षिसाची बहुतेक रक्कम लवादाच्या चळवळीलाच देऊन टाकली.

आज जिनिव्हात मुख्यालय असलेल्या या संघात १८०हून अधिक संसदा आहेत. एवढ्या सगळ्यांनी एका सभागृहात बसून काही ठरवणे अवघडच. म्हणून खरे काम आधी प्रादेशिक गटांत होते. गट सहा आहेत: आफ्रिकी, अरब, आशिया-प्रशांत, युरेशिया, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन, आणि ‘ट्वेल्व्ह प्लस’. या शेवटच्या गटाचे नाव युरोपीय समुदायात बारा देश होते त्या काळचे. आता त्यात चाळीसहून अधिक संसदा आहेत आणि युरोपाबाहेरचा कॅनडाही आहे. अमेरिकी काँग्रेस १९९०च्या दशकाअखेर संघातून बाहेर पडली ती परतलेली नाही, ही संघाची मोठीच उणीव आहे. एका संसदेला दोन गटांतही बसता येते. अल्जीरिया, इजिप्त, मोरोक्को अरब गटातही असतात आणि आफ्रिकी गटातही.

गटांना एवढे वजन का, हे मतांच्या हिशेबातून कळते. प्रत्येक संसदेला दहा मते मुळातच मिळतात, वर लोकसंख्येनुसार जास्तीत जास्त तेरा. म्हणजे दहा लाखांच्या आतल्या भूतानला दहा आणि एकशे चाळीस कोटींच्या भारताला तेवीस. शिष्टमंडळाला ही मते विभागूनही देता येतात, कारण तिथे सत्ताधारी आणि विरोधक शेजारी शेजारी बसलेले असतात. थोडी मते बाजूने, थोडी विरोधात, असे एकाच देशाचे चित्र दिसू शकते. सरकारांच्या परिषदेत हे कधीच दिसणार नाही. अशा मोजणीत एकटा देश, मग तो कितीही मोठा असो, फार काही करू शकत नाही. कार्यकारी समितीतल्या जागा गटवार वाटलेल्या असतात. अध्यक्षपदही फिरते राहिले आहे: २०१४ला बांगलादेशचे साबेर चौधरी, २०१७ला मेक्सिकोच्या गाब्रिएला क्वेव्हास, २०२०ला पोर्तुगालचे दुआर्ते पाशेको, २०२३ला टांझानियाच्या तुलिया ॲक्सन.

गटबाजीचा तोटाही आहे आणि तो लपवू नये. प्रत्येक अधिवेशनात एकच तातडीचा विषय घेता येतो आणि त्याला दोन-तृतीयांश मते लागतात. मार्च २०२२मध्ये बालीत युक्रेनच्या युद्धावर तो टप्पा गाठला गेला, ठराव झाला. मार्च २०२४मध्ये जिनिव्हात गाझावरचे मसुदे आले आणि एकालाही दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. गट आपापल्या मसुद्याला चिकटून राहिले की माणसे मरत असतानाही जगभरच्या लोकप्रतिनिधींची सभा मुकी राहते. याचा राग यायलाच हवा.

तरीही प्रादेशिक सहकार्यावरचा माझा विश्वास उडत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच अंगणात आहे. सार्कची शिखर परिषद २०१४च्या काठमांडूनंतर भरलेली नाही. २०१६ची इस्लामाबादची परिषद उरी हल्ल्यानंतर रद्द झाली. सरकारांचे बोलणे असे थांबले, त्याच काळात आयपीयूने दक्षिण आशियातल्या संसदांच्या अध्यक्षांना शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निमित्ताने एकत्र बोलावले. पहिली बैठक जानेवारी २०१६मध्ये ढाक्यात झाली. तिथे विषय होता आरोग्याचा, त्यातही तंबाखूचा. विडी, जर्दा, गुटखा यांनी या उपखंडात किती घरे उद्ध्वस्त केली, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. याच बैठकीत तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी २०४०पर्यंत बांगलादेश तंबाखूमुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.

दुसरी बैठक फेब्रुवारी २०१७मध्ये इंदूरला झाली. यजमान होत्या लोकसभेच्या तेव्हाच्या अध्यक्ष सुमित्राताई महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या खासदार. स्त्री-पुरुष समानता आणि हवामानबदल हे विषय त्या बैठकीपुढे होते. २०१८ला कोलंबो आणि सप्टेंबर २०१९मध्ये माले. मालेत काश्मीरच्या मुद्द्यावरून भारत आणि पाकिस्तानच्या प्रतिनिधींत जोरदार खडाजंगी झाली आणि वर्तमानपत्रांत फक्त तेवढेच छापून आले. मला मात्र त्या बातमीतली दुसरी बाजू मोलाची वाटते: ३७०वे कलम जाऊन महिनाही झाला नव्हता, पाकिस्तानने भारताशी असलेल्या राजनैतिक संबंधांचा दर्जा खाली आणला होता, तरी दोन्ही संसदांची माणसे एका सभागृहात समोरासमोर होती.

अशा शेजारच्या बैठकांचा आणखी एक उपयोग तुलनेचा. संसदांमध्ये स्त्रिया किती, याचे आकडे आयपीयू सातत्याने गोळा करते. जगाची सरासरी १९९५मध्ये ११.३ टक्के होती, २०२५च्या सुरुवातीला ती २७.२ वर गेली. आपल्या लोकसभेत २०२४ला ५४३पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे चौदा टक्क्यांच्याही आत. २०२३मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, पण ते आरक्षण त्या निवडणुकीत लागू नव्हते.

ढाका, इंदूर, कोलंबो, माले या बैठकांत कोणी काय कबूल केले आणि त्यातले किती झाले, याचा अहवाल आपल्या संसदेच्या पटलावर यावा आणि त्यावर तासभर तरी चर्चा व्हावी. ढाक्यातल्या तंबाखूच्या विषयापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी सार्कच्या पुढच्या परिषदेची वाट पाहत बसावे लागत नाही.