चार जीबीत किती टॅब?

जूनमध्ये मोखाडा-जव्हारच्या सेवा केंद्रांत एकाच संगणकावर जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी पानं शेजारीशेजारी उघडावी लागतात. रॅम चारच जीबी असेल, तर ब्राउझर कोणता हा प्रश्न खराखुरा ठरतो.

क्रोम २००८ मध्ये आला तोच टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवत. एक पान कोसळलं तरी बाकीची टिकतात. मात्र प्रत्येक प्रोसेस स्वतःची मेमरी घेते. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ त्रुटी उघड झाल्यावर क्रोमने संकेतस्थळंही एकमेकांपासून तोडली. गूगलच्याच हिशेबाने मेमरीचा वापर त्यामुळे १० ते १३ टक्के वाढला. २०२१ मध्ये फायरफॉक्सनेही तोच मार्ग धरला. आधार आणि बँकेची पानं उघडणाऱ्या संगणकावर ही किंमत मला रास्त वाटते.

एज तर २०२० पासून क्रोमचाच पाया असलेल्या क्रोमियमवर बेतलेला आहे. त्यामुळे ब्राउझर बदलण्याआधी एक्स्टेंशन कमी करून पाहावीत. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसतं. मेमरी सेव्हर निष्क्रिय टॅब झोपवतो, पण परतल्यावर पान पुन्हा लोड होतं. नेट रेंगाळणाऱ्या गावात अर्धवट अर्ज आधी जतन करावा.