सत्राचा शेवट, घर हजारो मैलांवर

रायपूरमध्ये शिकणाऱ्या परदेशी मुलांची दोन मोठी ठिकाणे म्हणजे शहरातली एनआयटी आणि नवा रायपूरचे कलिंग विद्यापीठ. 1956 मध्ये खाणकाम व धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली संस्था 2005 मध्ये एनआयटी झाली. तिथे परदेशी मुले थेट प्रवेशाच्या 'डासा' योजनेतून येतात. 2011 मध्ये स्थापन झालेल्या कलिंगमध्ये आफ्रिकी देशांतली मुले लक्षणीय आहेत.

उन्हाळी सत्र संपते ते नेमके एप्रिल-मेच्या काहिलीत. तेव्हा छत्तीसगडी घरांत बोरे-बासी असते: पाण्यात भिजवलेला भात, मीठ, कांदा, हिरवी मिरची. 2022 मध्ये 1 मे रोजी ती आवर्जून खाण्याचे आवाहन राज्य सरकारनेच केले होते. मेसच्या ताटाला कंटाळलेल्या मुलाला याहून जास्त थंडावा देणारे काही नाही.

परदेशी मुलांना परीक्षेइतकीच धास्ती कागदांची. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने 14 दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करायची असते. पुढच्या वर्षासाठी मुदतवाढ हवी तर संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि मुदत उलटली तर देश सोडण्यासाठीही वेगळी परवानगी काढावी लागते. म्हणून तिकिटाआधी व्हिसावरची तारीख पाहावी.

सगळ्यांना सुट्टीत घरी जाणे परवडत नाही. वसतिगृह रिकामे होते, ही मुले मागे राहतात. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ चालवणाऱ्या रायपूरच्या मराठी मंडळींनी अशा एखाद्याला रविवारी जेवायला जरूर बोलवावे.