हुक्का ‘ताजा’ करणे : शब्द आणि वस्तू

‘हुक्का’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ डबी किंवा लहान पात्र. ‘नेचा’ हे फारसी ‘नय’ म्हणजे वेळू या शब्दाचे लघुत्ववाचक रूप होय. ‘गुडगुडी’ मात्र पाण्याच्या ध्वनीवरून बनली. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मराठीच्या शेजारी दीर्घकाळ नांदणाऱ्या उर्दूत पाणी बदलण्यास ‘हुक्का ताजा करना’ म्हणतात. परंतु पाणी ताजे झाले तरी कीट उरतेच. कारण धुरातील डांबरासारखा अंश पाण्यात विरघळत नाही.

काचेच्या पात्रातील कीट स्पिरिट व जाडे मीठ घालून हलविल्यास सुटते. मग ते कोमट पाण्याने धुवावे. स्पिरिट विस्तवापासून दूर ठेवणे अगत्याचे.

हाच उपाय बिदरी हुक्क्यास घातक ठरतो. बीदरप्रमाणे या शहरातही होत आलेल्या बिदरी कामात जस्त मुख्य व तांबे अल्प असते. त्यावरील काळा रंग नवसागरयुक्त मातीच्या प्रक्रियेने आणलेला असून मीठ, लिंबू वा चिंच यांनी तो बिघडतो. तेथे मऊ फडके व किंचित तेल एवढेच पुरे.

२०१८ साली महाराष्ट्रात हुक्कागृहांवर कायद्याने बंदी आली. पाण्यातून आलेला धूरही अपायकारकच असतो. कार्बन मोनॉक्साइड पाण्याने निघून जात नाही. सबब व्यसन सोडणेच इष्ट. घरोघरी उरलेली जुनी पात्रे मात्र जपावयास हवीत. कारण वस्तू नष्ट झाली की तिच्या अवयवांची नावेही भाषेतून निघून जातात.