कडीला भोक पाडायचे, तर पाते किती कठीण हवे?

पुण्यातला जुना वाडा असो की गिरगावातली चाळ, दुरुस्ती निघाली की वायरी आणि पाइप न्यायला मजल्याखालच्या सागवानी कड्यांना भोके पाडावी लागतात. त्यासाठी टिकाऊ बिट मागितले की पुष्कळदा कार्बाइडच्या टोकाचे महाग पाते पुढे येते. धातू जितका कठीण तितका तो कमी झिजणार, हा हिशेब बिनतोड वाटतो. लाकडाच्या कामात तो अर्धाच खरा आहे.

सागात सिलिकाचे बारीक कण असतात आणि ते धार खातात, हे खरेच. पण पाते बाद होते ते बहुधा उष्णतेने. लाकूड उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे घर्षणाची सगळी धग पात्यातच साठते. साध्या कार्बन पोलादाचे पाणी २०० अंश सेल्सिअसच्या पुढे उतरू लागते. टोक निळसर पडलेले दिसले, तर ते ३०० अंशांच्या आसपास तापून गेले असे समजावे. हायस्पीड स्टील ६०० अंशांपर्यंत तग धरते. मग तेच का घेऊ नये? कारण मुळात पाते एवढे तापतेच का, हा प्रश्न आधीचा आहे. खोल भोकातून भुसा बाहेर पडला नाही, की पाते लाकूड कापायचे सोडून भुसाच घासत बसते. चपट्या फ्लॅट बिटाला भुसा वर आणायला वाटच नसते. ऑगर बिट, म्हणजे आपल्या सुतारांच्या गिरमिटाचा यंत्रावर चालणारा भाऊबंद, ढलप्या आपल्या पिळातून वर फेकतो. टोकाचा स्क्रू त्याला स्वतःच लाकडात ओढून नेत असल्याने मशीनवर रेटा द्यावा लागत नाही, आणि धगही कमी होते.

ऑगरचे पोलाद सहसा असे असते की त्याला कानस लागते. माझ्या मते त्याचा टिकाऊपणा या मऊपणातच आहे. कार्बाइडला धार लावायला हिऱ्याचे चाक लागते. ऑगरची बोथट ओठी बारीक कानशीच्या चार हातांत पुन्हा कापू लागते. फक्त बाहेरच्या अंगाला कानस लावू नये. तिथे घासले तर भोकाचा व्यास कमी होतो आणि पाते अडकू लागते. त्यातही जहाजबांधणीत वापरतात तसा, कडेचे दाते नसलेला ऑगर कड्यांसाठी सरस. भोकाची कड थोडी खरबरीत राहते, पण ती मजल्याखाली कोण पाहणार? उलट झिजायला आणि मोडायला एक भाग कमी.

जुन्या कडीत खिळे निघतात, तिथे कार्बाइडच हवे, असा आक्षेप येईल. पण कार्बाइड कठीण तितकेच ठिसूळ. खिळ्यावर आदळले की त्याचा कपचा उडतो, आणि तो काही कानशीने भरून येत नाही. ऑगरची धार खिळ्याने मोडते, ती पुन्हा करता येते. त्याआधी जोरदार लोहचुंबक कडीवर फिरवून खिळे शोधलेले बरे. जिथे खिळा टाळताच येत नाही, तिथे लोखंड कापणारे वेगळे पाते लावावे. दुसरा आक्षेप पैशाचा: फ्लॅट बिट स्वस्त, झिजले की फेकावे. दोन-तीन भोकांपुरते हे मान्य. संपूर्ण मजल्याच्या वायरिंगला मात्र तो हिशेब महागात पडतो.

ऑगरचा एक धोका खरा आहे. तो अडकला तर मशीन मनगट पिळवटून टाकते. म्हणून कमी वेगाचा गिअर आणि बाजूची मूठ असलेलेच मशीन वापरावे. व्यासही गरजेपुरताच घ्यावा. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीत भोक कडीच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठे नसावे आणि वरच्या-खालच्या कडेपासून किमान २ इंच दूर असावे, असे सांगितले आहे, कारण वाकण्याचा ताण या कडांवर सर्वांत जास्त असतो. वाळवी लागलेल्या किंवा चिरलेल्या कडीला ही सूटही देऊ नये. तिथे वायर कडीखालून नेलेली बरी.