माशाच्या पोटांतील भोपळा

धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गचा किल्ला पाहावयास जाणारा मनुष्य बोरी नदीच्या बांधावर क्षणभर थांबल्यावांचून राहत नाहीं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ च्या सुमारास, हा बांध घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधण्यांत आला. पावसाळ्यांत सर्वांची दृष्टि कोसळणाऱ्या प्रवाहाकडे लागते. परंतु पाणी निवळल्यावर बांधाआड पाहावें, तों एखादा मासा ना वर, ना खालीं, असा अधांतरीं उभा दिसतो. त्यास धरून ठेवतो कोण, हा मुलांचा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

माशाचें मांस व हाडें पाण्याहून जड असतात. मग तो तळास कां जात नाहीं? आपल्याकडे विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस सुका भोपळा बांधतात. निसर्गानें तसाच एक भोपळा माशाच्या पोटांत, कण्याच्या खालीं, ठेवून दिला आहे. त्यास वाताशय म्हणतात. गोड्या पाण्यांतील माशांत तो शरीराच्या १०० भागांपैकीं सुमारें ७-८ भाग जागा व्यापतो. तेवढ्या हवेनें माशाचें वजन त्यानें बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकें होतें.

मात्र भोपळा टणक, तर वाताशय मऊ. पृष्ठभागापासून १० मीटर खालीं गेलें कीं दाब दुप्पट होतो आणि आंतील हवा निम्म्या जागेंत दबते. म्हणून खालीं सरकलेला मासा अधिकच खालीं ओढला जातो, व वर आलेला अधिकच वर ढकलला जातो. रोहूच्या वाताशयापासून अन्ननलिकेपर्यंत बारीक नळी असते. तिच्या वाटेनें जादा हवा बाहेर टाकतां येते. कित्येक माशांस ही वाट नसते. ते रक्तांतून वायु घेतात व रक्तांतच परत सोडतात. पण हें काम फार सावकाश चालतें. असा मासा खोल पाण्यांतून एकाएकीं वर ओढला, तर वाताशय फुगून त्याचीं इतर इंद्रियें दाबलीं जातात.

तेव्हां बांधाआडचा तो निश्चल मासा विश्रांति घेत आहे, असें कोणीं समजूं नये. क्षणोक्षणीं बिघडूं पाहणारा तोल तो क्षणोक्षणीं सांवरीत असतो. पुन्हा नळदुर्गास जाणें झालें, तर वडीलधाऱ्यांनीं मुलांस त्याचे पर अवश्य दाखवावे. ते सारखे हलत असतात.