कार्लोव्ही वारीचे जलमंडप

चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातील कार्लोव्ही वारी या गावी सकाळच्या वेळी फिरावयास निघालेल्या प्रवाशास एक अपरिचित दृश्य दिसते. हातात चिनी मातीचा चपटा पेला घेतलेले स्त्री-पुरुष लांबलचक स्तंभमंडपांतून संथ पावले टाकीत असतात. पेल्याचा कान आतून पोकळ असून त्याचे टोक चोचीसारखे वर काढलेले असते. त्यातून ही मंडळी वाफाळलेले पाणी घोटाघोटाने ओढतात. खनिजयुक्त पाण्याचे डाग दातांवर पडू नयेत आणि तोंडही पोळू नये, यासाठी ही सोय आहे.

वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आपल्या परिचयाची आहेत. परंतु तेथे आपण जातो ते स्नानासाठी. कार्लोव्ही वारीतही प्रारंभी हाच प्रघात होता. गावाच्या जर्मन नावाचा, 'कार्ल्सबाद'चा, अर्थही कार्लचे स्नानस्थान असाच आहे. ('वारी' हा शब्द मराठी कानाला ओळखीचा वाटतो, चेक भाषेत मात्र त्याचा संबंध उकळण्याशी आहे.) बोहेमियाचा राजा व सम्राट चौथा चार्ल्स शिकारीस गेला असता त्याचा कुत्रा ऊन पाण्यात पडला आणि झऱ्याचा शोध लागला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली, तरी या राजाने १३७० साली गावास नगराचे अधिकार दिले, हे इतिहाससिद्ध आहे.

त्या काळी रुग्ण दिवसातील कित्येक तास गरम पाण्यात बसून राहत; कातडी सोलवटेपर्यंत बसणे हेच उपचाराचे लक्षण मानले जाई. १५२२ साली वाक्लाव पायर या वैद्याने लाइपझिग येथे या पाण्यावरील पहिला वैद्यकीय ग्रंथ प्रसिद्ध केला आणि स्नानाबरोबर प्राशनाचीही शिफारस केली. पुढे लोक दुसऱ्या टोकास गेले. आपापल्या खोलीत बसून दिवसाला पन्नासाहून अधिक पेले रिचविण्याची चाल पडली. या अतिरेकास आळा घालण्याचे श्रेय डॉ. डेव्हिड बेखर (१७२५-१७९२) यांच्याकडे जाते. पाणी बेताने घ्यावे, ते झऱ्यापाशीच ताजे घ्यावे आणि पिताना चालत राहावे, असा त्यांचा आग्रह होता. आज साधा वाटणारा हा वैद्यकीय सल्लाच गावाच्या पुढील वास्तुकलेचा पाया ठरला, असे म्हणावयास हरकत नाही. रुग्णांना झऱ्यापाशी येऊन चालावयाचे, तर ऊन-पावसातही चालता येईल असे छप्पर हवे. जलमंडप अवतरले ते या गरजेतून.

गावातील सर्वांत बलवान झरा म्हणजे 'व्ह्रीद्लो', जर्मन भाषेतील 'श्प्रुडेल'. सुमारे ७३ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी मिनिटाला सुमारे दोन हजार लिटर या प्रमाणात तो बाहेर फेकतो. त्याचा फवारा बारा मीटरपर्यंत उसळतो. या झऱ्यावर १८२६ साली योसेफ एश यांच्या आराखड्यानुसार एक मंडप उभा राहिला. १८७० साली लोहमार्ग आला, पाहुण्यांची संख्या वाढली आणि पुढील बारा-तेरा वर्षांत गावाचे रूप पालटले. व्हिएन्नातील फेल्नर व हेल्मर या नाट्यगृहांसाठी विख्यात असलेल्या जोडीने १८७९ साली व्ह्रीद्लोवर ओतीव लोखंडाचा भव्य मंडप बांधला. पाठोपाठ १८८०-८१ मध्ये त्यांनीच उद्यानालगतची लोखंडी वास्तू उभारली. तिचा उरलेला भाग आजचा उद्यानमंडप होय.

याच सुमारास प्राग येथील राष्ट्रीय नाट्यगृहाचे शिल्पकार योसेफ झीतेक यांचा गिरणीमंडप पूर्ण होत होता (१८७१-८१). १३२ मीटर लांब, १२४ कोरिंथियन स्तंभांची ही दगडी वास्तू पाच झऱ्यांवर उभी असून तिच्या माथ्यावर बारा महिन्यांच्या बारा मूर्ती आहेत. प्रथम तिच्यावर टीकाच अधिक झाली. आज चित्रांतून दिसणारे कार्लोव्ही वारी बहुधा हेच असते. याउलट १८८२-८३ मध्ये बाजारपेठेत बांधलेला शुभ्र, नक्षीदार लाकडी मंडप केवळ तात्पुरता म्हणून होता. तो अद्याप उभा आहे! १९९०च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार झाला. आत चौथ्या चार्ल्सच्या नावाचा झरा असून त्यावर त्या आख्यायिकेचे उठावशिल्प आहे.

लोखंडाचे भाग्य मात्र तसे नव्हते. व्ह्रीद्लोच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सहा ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. कागदी गुलाब त्यात ठेवला तर काही दिवसांत त्यावर तांबूस दगडी लेप चढतो, आणि असे गुलाब दुकानांतून विकलेही जातात. याच क्षारांनी आणि अखंड वाफेने ओतीव लोखंड कुरतडले. १९३८ साली हा प्रदेश जर्मनीने बळकावला होता. १९३९ मध्ये मंडप उतरवून त्याचे लोखंड युद्धसामग्रीसाठी वितळविण्यात आले. ज्या पाण्यासाठी छप्पर उभारले, त्याच पाण्याने ते दुबळे करावे आणि उरलेसुरले युद्धाने न्यावे, ही हानी कोणत्याही नगरास चटका लावणारी आहे.

सुभाषचंद्र बोस १९३५ साली व्हिएन्नातील शस्त्रक्रियेनंतर प्रकृतीसाठी येथे राहिले, तेव्हा तो लोखंडी मंडप उभाच होता.

त्या जागी दीर्घकाळ तात्पुरती लाकडी वास्तू होती. १९६७ ते १९७५ या काळात यारोस्लाव ओत्रुबा यांनी काँक्रीट व काचेचा सध्याचा मंडप बांधला. अंतराळवीर युरी गागारिन यांचे त्याला दिलेले नाव १९८९ च्या सत्तांतरानंतर गेले. फवारा आता काचेच्या दालनात उसळतो. शेजारी निवविलेले पाणी वेगवेगळ्या तापमानांत मिळते. मंडपांतील झरे सर्वांस विनामूल्य खुले आहेत. पेला तेवढा आपला हवा आणि प्रमाणाबाबत वैद्याचा सल्ला घेतलेला बरा.

२०२१ साली युरोपातील सात देशांच्या अकरा आरोग्यनगरांपैकी एक म्हणून कार्लोव्ही वारीचा युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समावेश झाला. तरीही व्ह्रीद्लोवरील छपराचा प्रश्न मिटलेला नाही. जुन्या लोखंडी मंडपाची प्रतिकृती पुन्हा उभारावी असे म्हणणारे आहेत. १९७५ ची वास्तूही तिच्या काळाची साक्ष म्हणून राखावी असे मानणारेही आहेत. दरम्यान वाफ आणि क्षार यांचे काम काँक्रीटवरही चालूच आहे.